गाडी चालतीया न्हवं?

पुढचे ब्रेक पॅड बदलायला चाकं उतरवली होती, तेव्हा मिस्त्रींनी हाक मारली. "सर, हिकडं बघा. बंप स्टॉपचं पार पीठ झालंय."

शिवाजी उद्यमनगरातलं गॅरेज. मिस्त्री वयानं माझ्याहून मोठे आणि बोलायला कमी. त्यांनी शॉकअपच्या रॉडवरचं फाटकं डस्ट कव्हर स्क्रूड्रायव्हरनं बाजूला केलं आणि चिमटीत पिवळट काळा चुरा धरून दाखवला. दुसऱ्या बाजूलाही तेच. तिथं बंप स्टॉपचा निम्मा तुकडा सुटून रॉडवरून खाली घसरला होता.

"मग बदलायचा का?"

"गाडी चालतीया न्हवं? मग ऱ्हाऊ दे की. त्येच्यासाठी सगळी स्ट्रट खोलाय लागती. शॉकअप जातील तवा एकदमच टाकू."

मिस्त्री काम टाळणारे नव्हेत, उलट गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारे. म्हणून मी विचारात पडलो. तेच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं, तर तिथल्या ॲडव्हायझरनं मान वर न करता पुढच्या शॉकअपची पूर्ण जोडी, माउंटिंग, अलाइनमेंट असं सगळं मिळून अंदाजपत्रक काढून दिलं. आकडा ऐकून बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात माझा पाडवा झाला असता." मेहुण्यानं तिसराच सल्ला दिला. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर मिळतात, ते टाक, गाडी वर उचलली जाईल, टेकायचीच नाही. म्हणजे काही करू नका, सगळं करा आणि भलतंच करा, असे तीन पर्याय समोर होते.

आमची गाडी 2013 ची छोटी हॅचबॅक, पाऊण लाख किलोमीटर झालेली. एरवी कोल्हापुरात ऑफिस आणि भाजी यापलीकडे तिला काम नसतं. पण बायकोचं माहेर देवरुखचं. मे महिन्यात आंबा घाट उतरून साखरप्यावरून आत जायचं आणि येताना हापूसच्या पेट्या, नारळ, तांदळाचं पोतं आणि सासूबाईंनी 'राहू दे हो, गाडीलाच काय जड होतंय' म्हणत घुसवलेला फणस, असं सगळं घेऊन घाट चढायचा. शिवाय आत पाच माणसं. एरवीची गाडी आणि ही गाडी यांचा एकमेकींशी संबंध नसतो. त्यामुळे 'गाडी चालतीया न्हवं' याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. कोल्हापुरात चालत होती. देवरुखहून येताना तिच्या पोटात काय चाललेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

बंप स्टॉप म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत आहे असं मी समजत होतो. काकांच्या जीपला खालून, चॅसीला बोल्टनं बसवलेला काळा रबरी ठोकळा होता. खड्ड्यात चाक फार वर आलं की ॲक्सल त्या ठोकळ्यावर आपटायचा, लोखंडावर लोखंड बसायचं नाही. दारामागे भिंतीला रबरी स्टॉपर लावतात, तसं काम. आजच्या छोट्या गाड्यांतही एवढंच असेल, हा माझा समज मिस्त्रींच्या बाकड्यावरचा नवा तुकडा हातात घेईपर्यंत टिकला.

तो रबर नव्हताच. हलका, अंगठ्यानं दाबला तर आत जाणारा, खाचाखाचांचा नळकांड्यासारखा तुकडा. पॉलीयुरेथेनचा फोम, आत हवेच्या अतिशय बारीक पेशी. बीएएसएफ ही जर्मन कंपनी हाच पदार्थ 'सेलास्टो' या नावानं बनवते. भरीव रबराची अडचण अशी की ते दाबून लहान होत नाही. एका दिशेनं दाबलं की बाजूंनी फुगतं, आणि फुगायला जागा नसेल तर दगड होतं. फोमचं तसं नाही. तो बाजूला फारसा न पसरता आपल्या उंचीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापर्यंत दाबला जातो. सुरुवातीला अगदी मऊ लागतो आणि दाब वाढेल तसा कडक होत जातो. म्हणजे तो नुसता थांबवणारा नाही, ती दुसरी स्प्रिंग आहे. गाडी बनवणारे तसाच हिशेब धरतात. रिकाम्या गाडीसाठी मुख्य स्प्रिंग मऊ ठेवायची आणि भरलेल्या गाडीचा शेवटचा भार या फोमवर सोडायचा. त्यामुळे पाच माणसं आणि फणस असताना बंप स्टॉप खड्ड्याची वाट बघत बसलेला नसतो, तो कामाला लागलेला असतो.

आणि तो नसेल तर? शॉकअपच्या आत पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो, वर माउंटिंगला आणि बॉडीच्या पत्र्याला दणका बसतो. हे रोज होत नाही म्हणून कळत नाही. फोमचं पीठ का होतं, याचं कारण आमच्या भागात शोधायला नको. अशा पॉलीयुरेथेनला उष्णता आणि दमट हवा दोन्ही मिळून खातात. पाणी त्याच्या साखळ्या तोडत जातं. वर्षातले चार महिने पाऊस आणि चिखल आणि मग एप्रिलचं ऊन, यात किलोमीटर कमी झाले तरी वय होतंच.

आता प्रश्न एवढाच की माझी गाडी खरोखर त्या टोकाला जाते का, आणि कुठलं चाक जातं. मिस्त्रींकडे याला एक साधी युक्ती होती. वायरी बांधायची प्लॅस्टिकची केबल टाय घ्यायची, शॉकअपच्या चकचकीत रॉडभोवती घट्ट पण सरकेल इतपत आवळायची आणि खाली शॉकअपच्या डोक्याला टेकवून ठेवायची. चाक वर आलं की शॉकअपचं डोकं टायला वर ढकलतं. चाक परत खाली येतं, टाय तिथेच राहते. गाडी जास्तीत जास्त किती दबली, ते टाय दाखवते. पुढचं डस्ट कव्हर फाटलेलंच होतं, तिथं सोपं गेलं. मागचं कव्हर वर सरकवून मिस्त्रींनी तिथंही टाय घातली. मागचे बंप स्टॉप त्या निमित्तानं पहिल्यांदा दिसले. त्यांना भेगा होत्या, पण अंग शाबूत होतं.

शहरात आठवडाभर गाडी चालवली. चारही टाय निम्म्याच्या वर गेल्या नाहीत. मिस्त्रींचं 'ऱ्हाऊ दे की' अगदी बरोबर निघालं असतं, जर मी कोल्हापूरबाहेर पडणार नसतो.

मग सासऱ्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं निघालं आणि एप्रिलमध्येच देवरुखची खेप झाली. जाताना गाडी अर्धी भरलेली, येताना पूर्ण. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मी चाकाशेजारी उकिडवा बसून मोबाइलच्या उजेडात आत बघत होतो. टपरीवाल्याला वाटलं पंक्चर आहे. त्यानं पोराला जॅक आणायला पाठवलं, त्याला थांबवता थांबवता माझी चहाची वेळ गेली.

मागच्या दोन्ही टाय थेट बंप स्टॉपपर्यंत जाऊन दाबल्या गेल्या होत्या. घाट अजून चढायचा होता, तरी. पुढच्या मात्र बऱ्याच खाली होत्या. पुढची टाय वर गेली ती मलकापूरच्या अलीकडे, एका न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर. ब्रेक दाबलेला, गाडीचं नाक खाली झुकलेलं, आणि 'खडक' असा कोरडा आवाज. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमावलीत स्पीडब्रेकर कसा असावा ते लिहिलेलं आहे: 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद, ताशी 25 किलोमीटरनं आरामात ओलांडता येईल असा. आमच्याकडचे स्पीडब्रेकर उंचीचा आकडा पाळतात, कधी ओलांडतात, पण रुंदी हातभरच ठेवतात. गावकऱ्यांना दोष देववत नाही. पोरं रस्ता ओलांडत असतात. पण त्याचं बिल बंप स्टॉप भरतो.

तर हिशेब उलटा निघाला. पीठ झालेले पुढचे होते, त्यामुळे सगळ्यांचे डोळे तिकडे. पण दर भरलेल्या खेपेला राबत होते ते मागचे, जे दिसायला बरे होते. भेगा गेलेला फोम आणखी एक मे महिना काढेल की नाही, कुणी सांगावं. आणि मागचं काम खर्चाचं नव्हतंच. आमच्यासारख्या छोट्या गाडीत मागची स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. ॲक्सलला खालून जॅकचा आधार द्यायचा, शॉकअपचा खालचा बोल्ट आणि वरचा नट काढायचा, बंप स्टॉप बदलायचा. स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. मे महिन्याआधी मागची जोडी बदलून टाकली. जोडीच बदलायची. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असेल, तर वळणावर गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरं.

पुढच्या चाकांचं काम वेगळं होतं, कारण तिथं स्ट्रट असते. 1950 साली फोर्डनं इंग्लंडमध्ये कॉन्सल आणि झेफर या गाड्या आणल्या, त्यांत अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरची स्ट्रट होती. स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा आधार एकाच उभ्या खांबात. जागा कमी लागते, खर्च कमी, म्हणून आज जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीच्या पुढच्या बाजूला तीच असते. पण त्या खांबात बंप स्टॉप बसतो सगळ्यात आत, स्प्रिंगच्या मधोमध. काहीशे रुपयांच्या तुकड्यासाठी सगळं उतरवायचं, स्प्रिंग दाबून धरायची, वरचा नट काढायचा, परत बसवून अलाइनमेंट करायचं. सामानाच्या कितीतरी पट मजुरी. मिस्त्रींचं 'शॉकअप जातील तवा' हे शहाणपण इथून आलेलं होतं, आणि ते खोटं नव्हे.

पण मग शॉकअप कधी जातील, हे बघायला हवं. बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडलं तर गाडी एकदा वर येऊन थांबत होती, झुलत नव्हती. तेलाचा ओघळ नव्हता. टायर एकसारखे झिजलेले. रॉडवर कापड फिरवलं, कुठे अडकलं नाही. म्हणजे शॉकअप अजून काही वर्षं जाणारे होते. पण डस्ट कव्हर फाटलेलं. पावसाळ्यात त्या रॉडवर रस्त्याची रेती बसणार, रॉड सीलमधून आत-बाहेर करणार, क्रोमवर ओरखडे पडणार आणि सील गळणार. थोडक्यात, शॉकअप जाईपर्यंत थांबणं म्हणजे शॉकअप घालवणं होतं. हे मिस्त्रींना सांगितलं तर ते नुसते 'हं' म्हणाले.

त्यांचं मत बदललं ते माझ्या बोलण्यानं नव्हे. त्यांनी मला स्टिअरिंग जागच्या जागी फिरवायला सांगितलं आणि स्वतः स्प्रिंगवर हात ठेवून उभे राहिले. "थांबा. परत फिरवा." डाव्या बाजूची स्प्रिंग सरळ न फिरता आधी अडत होती आणि मग टणकन उडी मारत होती. वरचं बेअरिंग जॅम. गाडी वळवताना येणारा जो आवाज मी रस्त्याच्या नावावर खपवत होतो, तो हा. "आता खोलायचंच हाय," मिस्त्री म्हणाले. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर, चारींना मजुरी एकच.

सामानाच्या दुकानात काउंटरवर पोरानं आधी लोकल माल पुढे केला. काळं भरीव रबर, ओरिजिनलच्या निम्म्या किमतीत. "ह्ये तुटतच न्हाई बघा." न तुटणं हा त्याचा गुण नव्हता. त्यावर गाडी बसली की दगडावर बसल्यासारखी बसणार, आणि उंची जास्त असेल तर रिकामी असतानाही टेकणार. जुना तुकडा मापाला नेण्याइतका शिल्लक नव्हता, म्हणून चॅसी नंबरावरून पार्ट नंबर काढून फोमचाच घेतला. मेहुण्याचे बफरही मिस्त्रींनी तिथंच निकालात काढले: वेढ्यांत रबर अडकवलं की तेवढे वेढे दबायचे बंद होतात, स्प्रिंग कडक होते, गाडी उंच दिसते आणि माणूस आतून हलतो.

स्ट्रट उतरवताना मी जवळ उभा होतो, तर मिस्त्रींनी दोन हात लांब उभं केलं. चाक ज्यावर बसतं त्या नकलला धरणाऱ्या बोल्टांची जागा त्यांनी आधी पांढऱ्या रंगानं खुणावली, म्हणजे चाकाचा कल फार बदलायचा नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावून, एकदा इकडचा स्क्रू, एकदा तिकडचा, असं सावकाश आवळलं. शेजारच्या गॅरेजात हेच काम दोरी बांधून उरकताना मी पाहिलं आहे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा जागेवर राहत नाही. या एका गोष्टीसाठी तरी हे काम घरी स्वतः करू नये, यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी.

संध्याकाळी अलाइनमेंट करून गाडी आणली. रिकाम्या गाडीत फरक शून्य. बायकोला तसं सांगितलं तेव्हा तिनं, पैसे कशाचे दिले मग, हे न बोलता विचारलं. फरक कळला तो मे महिन्यातल्या परतीच्या खेपेला, मलकापूरच्या अलीकडच्या त्याच स्पीडब्रेकरवर. 'खडक' गेलं होतं, 'धप' आलं होतं. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला होता, तो झोपूनच राहिला.

शॉकअप जुनेच ठेवले. मिस्त्री म्हणाले, लाखाच्या आसपास परत टाय बांधून बघू. मागच्या दोन्ही टाय अजून रॉडवरच आहेत, काढायच्या राहून गेल्या.