दोष कंपनीचा, शिक्षा कुणाला?

चि. मुग्धा हिस,


कंपनीला गजाआड टाकता येत नाही, मग तिच्यावर फौजदारी खटला भरायचा कशाला, असं तू विचारलंस. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयातही एकमत नव्हतं. २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी ठरवलं, की कैद सक्तीची असलेल्या गुन्ह्यातही कंपनीवर खटला चालेल. शिक्षा दंडाची होईल. इरिडियम-मोटोरोला प्रकरणाची फिर्याद तर आपल्या पुण्यातली. त्यात २०१० साली न्यायालय म्हणालं, की कंपनी चालवणाऱ्यांचा हेतू हाच कंपनीचा हेतू धरता येतो.

माझं मन अडतं ते इथेच. हेतू शोधायचा तर एक जाणतं डोकं सापडावं लागतं, आणि मोठ्या कारखान्यात ते सापडत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचं बघ. ६१० नंबरच्या टाकीतलं मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवायला हवं होतं. ते थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. गळणारा वायू जाळायचा मनोरा होता, पण त्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली. हे एका रात्रीत, एका माणसाने केलेलं नव्हे. तरीही टाकी भरलेलीच राहिली आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री हजारो माणसं गेली.

भोपाळच्या खटल्यात १९९६ मध्ये सदोष मनुष्यवधाचं कलम जाऊन निष्काळजीपणाचं आलं. जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षांवरून दोनवर! ७ जून २०१० ला अधिकाऱ्यांना दोन वर्षं झाली, लगोलग जामीनही मिळाला. युनियन कार्बाइड इंडियाला दंड झाला तो पाच लाखांच्या घरात. अमेरिकेतली मूळ कंपनी त्या खटल्यात उभीच राहिली नाही. आजही हे लिहिताना माझा संताप होतो.

ब्रिटनने २००७ साली वेगळा कायदा केला. कुणाला काय ठाऊक होतं यापेक्षा वरिष्ठांनी कारभाराची घडी कशी बसवली होती, हे तिथे तपासतात. दंडालाही कमाल मर्यादा नाही. आपल्याकडे असं काही हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या मूट कोर्टात समोरचे सुनील भारती मित्तल प्रकरणाचा २०१५ चा निकाल काढतील: कंपनी दोषी म्हणून संचालक आपोआप दोषी ठरत नाही. ते खुशाल मान्य कर. मग विचार, टाकी थंड न ठेवता भरलेली ठेवणं कुणाच्या हिशेबात बसत होतं?

तुझा,
मामा