बावखल

मोरीतून बुडबुड आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. मागच्या आठवड्यात लेकीने अंघोळ आटपून उरलेली बादली ओतली, जाळीखाली पाणी गुरगुरलं आणि मी तिच्यावर ओरडले. ती ओल्या केसांनी नुसती बघत राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं.

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. ते ओरडणं जुलै २०१८ मधलं होतं. पावसाने वसई-विरार बुडालं, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वीज गेली. तळमजल्यावरच्या आमच्या घरात पाणी उंबरठ्यावरून आलंच नाही. ते मोरीतून, बुडबुडत, खालून आलं. अंधारात आईला पलंगावरून उचलून वरच्या मजल्यावर नेलं. पाणी ओसरलं. आवाज कानात राहिला.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. धोक्याची खूण हेरणं हे त्याचं काम. विचार करणारा मेंदू ‘अगं, ही साधी अंघोळ’ असं म्हणेपर्यंत छाती धडधडू लागलेली असते, मुठी वळलेल्या असतात. खूण जुळली की त्याच्यासाठी पुन्हा तीच रात्र. याला आता सगळेच ट्रिगर म्हणतात. मला ‘खपली निघणं’ जवळचं वाटतं. रक्त आजचं, जखम जुनी.

त्या रविवारी भुईगावला मावशीकडे गेले. तिच्या वाडीत केळींच्या मागे बावखल आहे. वसईच्या जुन्या माणसांनी खणलेली ही छोटी तळी पावसाचं पाणी धरून ठेवतात, जमिनीत मुरवतात, समुद्राचा खारेपणा विहिरींपासून दूर ठेवतात. उन्हाळ्यात वाड्या त्यांच्यावर जगतात. कितीतरी बावखलं भराव टाकून बुजवली गेली, वर इमारती उभ्या राहिल्या. मावशी पाण्याकडे बघत म्हणाली, “पाणी येणारच गं. त्याला बसायला जागा नाही ठेवली, तर घरातच शिरणार ना?”

मी गप्प झाले. माझंही बावखल मीच बुजवलं होतं. पूर ओसरल्यावर फरशी पुसली, भिजलेल्या गाद्या टाकल्या, ‘झालं गेलं’ म्हटलं आणि त्या रात्रीबद्दल कुणाशी अवाक्षर काढलं नाही. भीतीला बसायला जागाच नव्हती. मग ती राग होऊन लेकीच्या अंगावर गेली.

आता जागा ठेवते. आवाज आला की अनवाणी पाय फरशीवर टेकवते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घेते. उच्छ्वास लांबला की काळजाचे ठोके उतरतात. मग स्वतःला सांगते : ही भीती आहे, ती तेव्हाची आहे. एवढ्याने भागत नसेल, झोप उडत असेल, तर मदत मागण्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. शांतपणे ऐकून घेणारं माणूस म्हणजेही बावखलच.

लेकीला सगळं सांगितलं. त्या रात्रीचं, आजीचं, आवाजाचं. काल पुन्हा मोरी गुरगुरली आणि मी जागीच थबकले. ती येऊन शेजारी उभी राहिली, अनवाणी पायाने फरशी चाचपली आणि म्हणाली, “कोरडी आहे, आई.”