मावळ्याचे पागोटे

दिवाळीचा किल्ला म्हणजे दहा-बारा वर्षांच्या इतिहासकारांचे राज्य. चिंचपोकळीच्या चाळींत जागेची टंचाई कितीही असो, या राज्यासाठी जिन्याखालचा एखादा कोपरा रिकामा होतोच. दगड, गोणपाट, चिखल आणि वर पेरलेला अळीव, एवढ्या भांडवलावर रायगड उभा राहतो. अडते ते मावळ्यांपाशी.

बाजारचा मावळा साच्यातून निघतो. त्याला आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग कपड्यांचा, आणि शेवटी बारीक कुंचल्याने डोळे व मिशा. माल शेकड्याने काढायचा, तेव्हा कुंचला एकदा भगव्यात बुडाला की सगळी रांग भगवी! धंद्याच्या दृष्टीने ते रास्तच. पण अशी फौज मांडली की मावळ्यांपेक्षा बँडपथकाचाच भास अधिक होतो.

म्हणून आमच्या चाळीतल्या मुलांनी कोरे मावळे आणून स्वतःच रंगवायला घेतले. लगेच वाद! एकाला पागोटे जांभळे हवे. दुसरा पुस्तकी पंडित. तो म्हणाला, “तसला जांभळा तेव्हा नव्हताच.” तेही खोटे नव्हे. डांबरापासून निघालेला झगझगीत जांभळा विल्यम पर्किनने लंडनमध्ये शोधला तो १८५६ साली. महाराजांचे निर्वाण १६८० चे. तेव्हाचे रंग झाडापाल्याचे. तांबडा मंजिष्ठेचा किंवा आलाचा, निळा निळीचा, पिवळा हळदीचा.

वाद तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे गेला. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांनी मावळा हातात घेऊन न्याहाळला.

“पोरांनो, हा घरच्या कपड्यांत आलाय. याला कुठला आलाय गणवेष? आता सांगा, हे पागोटे किती वेळा धुतले असेल?”

मुले गप्प. मग आजोबांनी रंगात खडूची पूड कालवायला लावली. गुडघ्यावर नि खांद्यावर कपडा आधी विटतो, चुण्यांत रंग टिकून राहतो. हळद तर उन्हात पहिली उडते. आणि जांभळ्याचे काय? “तांबड्यावर नीळ चढव. मंद येईल, पण तो त्या काळचाच.” दोन्ही पक्षांचे समाधान झाले!

एकाचे पागोटे दुसऱ्याहून निराळे असते, हे पाहायला फार दूर जायला नको. शेजारच्या भायखळ्याला, राणीच्या बागेलगत, १८७२ साली लोकांसाठी उघडलेले भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांत जुन्या मुंबईचे नाना जातींचे नि धंद्यांचे लोक आपापल्या वेषात उभे आहेत.

सिंहासनावरच्या महाराजांना सोनेरी रंग सगळेच मनापासून देतात, आणि तो द्यावाच. पण पायथ्याच्या पहारेकऱ्याकडे कुणी निरखून पाहत नाही. तोही कुणाच्या तरी घरून निघाला होता. त्याचे पागोटे कुणीतरी धुऊन वाळत घातले होते. एका डब्यातून सगळी फौज रंगवली की ते घर पुसले जाते. यंदा किल्ल्यावर मावळे मांडाल, तेव्हा एकाच्या तरी बाहीला वेगळ्या रंगाचे ठिगळ काढून पाहा. तो मावळा लगेच ओळखीचा वाटू लागेल.