एका डब्यात तीन बिऱ्हाडं

आमच्या संगणकाचं बटण दाबलं की तो लगेच कामाला लागत नाही. आधी काळ्या पडद्यावर यादी दाखवतो आणि जुन्या वाड्याच्या दारात बसलेल्या म्हातारीसारखा विचारतो, ‘‘कोणाकडे जायचंय?’’ दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर म्हातारी आपल्या मर्जीनं पहिल्या बिऱ्हाडात ढकलते.

त्या डब्यात तीन ऑपरेटिंग सिस्टिम नांदतात. पहिली विंडोज एक्सपी. दुसरी विंडोज सेव्हन. कंपनीनं एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजी. म्हणजे दोघीही सेवानिवृत्त, आणि पेन्शनचं नाव नाही! २०२३ पासून तर क्रोमच्या नव्या आवृत्त्यांनीही सेव्हनच्या घरी यायचं सोडलं. कन्यारत्न म्हणालं, ‘‘बाबा, नवीन घ्या.’’ मी किंमत विचारली. मग ती म्हणाली, ‘‘बरं, लिनक्स टाकू. फुकट आहे.’’

हा शब्द कॉमर्सच्या पदवीधराला फार लवकर समजतो. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, लिहिला आणि जगाला वाटून टाकला. आमच्या बँकेत असा माणूस पहिल्याच ऑडिटमध्ये घरी गेला असता.

‘‘मग जुन्या दोन्ही पुसून टाकू,’’ कन्या म्हणाली. सेव्हनमध्ये सोसायटीचे हिशेब होते. ते एक वेळ हलवता आले असते. पण एक्सपीला हात लावायचा नव्हता. ते अण्णांचं बिऱ्हाड.

अण्णा शाळेतून निवृत्त झाले आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी पेजमेकर शिकले. रोज पहाटे पाचला उठून, चहाच्या आधी, एका बोटानं ते आपल्या गावाची हकिगत टाइप करत. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, १६२६ साली त्याच्या मुलानं, फतेहखानानं, तिचं फतेहनगर केलं, १६५३ साली औरंगजेबानं औरंगाबाद. मधूनच पाणी मातीच्या नळांतून पाणचक्कीपर्यंत कसं येतं ते, आणि मधूनच गुलमंडीवर पूर्वी काय काय मिळायचं ते. एकशेबारा पानं झाली आणि २०११ साली अण्णा गेले. फाँट युनिकोडच्या आधीचा. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर ती फाईल उघडत नाही, आणि त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला तर खडकीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून एक्सपी राहिली.

तर तीन बिऱ्हाडं ठेवायची ठरली. यात पंगतीचा क्रम मोठा कडक असतो. थोरली विंडोज आधी बसणार, मग धाकटी, आणि लिनक्स सगळ्यांत शेवटी. कारण विंडोज मागून आली की दारावरची पाटी न विचारता बदलते. आधीच्या पाहुण्याला मग दारच सापडत नाही. लिनक्स मात्र आल्या आल्या ‘घरात कोण कोण आहे?’ म्हणून चौकशी करते आणि सगळ्यांची नावं पाटीवर लिहिते. पुन्हा तिला विंडोजच्या खोल्यांतलं सगळं वाचता येतं. विंडोजला तिची खोली दिसते, पण आत कोण राहतं ते कळत नाही. (अशा जावा तुमच्याही माहितीत असतील. सौ. हे वाचणार आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.)

आणि वाटण्या! जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य हिस्से चारच पडतात. पाचवा हवा असेल, तर एका हिश्शाच्या आत पडदे लावून पोटहिस्से करावे लागतात. मुख्य हिश्शांची नोंद डिस्कच्या सुरुवातीच्या एका चिमुकल्या तक्त्यात. हा डिस्कचा सातबारा.

कन्येनं हे सगळं एका दुपारी केलं. फक्त घड्याळाचा घोळ झाला. डब्यातल्या घड्याळाला विंडोज स्थानिक वेळ समजते आणि लिनक्स ग्रिनिचची. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की साडेपाच तास गायब. तेही तिनं एक आज्ञा लिहून जुळवलं.

पुढचे दोन महिने सुखाचे गेले. मग एका शनिवारी, सुट्टी म्हणून, मी सेव्हनमध्ये शिरून आवराआवर काढली. डिस्कच्या नकाशात एक साठ जीबीचा हिस्सा दिसला. ना नाव, ना अक्षर. दहा वर्षं कोणी विचारलं नाही की बेवारशी ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, हे मी काउंटरवर शेकडो लोकांना समजावलं आहे. त्याच सवयीनं मी तो हिस्सा ‘डिलीट’ केला. खात्री आहे का, असं विंडोजनं विचारलं. मी हो म्हणालो. कारकुनाला खात्री नेहमीच असते.

पुन्हा बटण दाबलं. म्हातारी नाही, यादी नाही. काळ्या पडद्यावर ‘असा हिस्साच नाही’ अशी इंग्रजी ओळ, आणि तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’. यादी दाखवणारी म्हातारी लिनक्सच्याच खोलीत राहत होती आणि मी ती खोली पाडली होती. कन्या संध्याकाळी क्लासहून येणार. तोवर मी त्या ओळीपुढे बसून होतो. बावीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी न आलेला मी! अण्णांच्या एकशेबारा पानांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. सौ.नं दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा थंडगार परत नेला, आणि काही बोलली नाही. त्यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

‘‘बाबा, तुम्ही माझं लिनक्स पुसलंत,’’ कन्या आल्या आल्या म्हणाली.

‘‘ते राहू दे. अण्णांचं काय?’’

‘‘अण्णा आहेत जिथल्या तिथे. फक्त दार गेलंय.’’

तिनं पेनड्राइव्ह लावून लिनक्स पुन्हा बसवलं. नव्या म्हातारीनं चौकशी केली, पाटी रंगवली. नावं मोजली. भरली.

दुसऱ्या दिवशी रविवारी आंघोळ करून मी एक्सपी उघडली आणि अण्णांच्या फाईलच्या आधी तीन प्रती काढल्या. मग शेवटचं पान वाचायला घेतलं. गावाच्या नावांची यादी औरंगाबादपाशी थांबली आहे. २०२३ सालचं छत्रपती संभाजीनगर त्यांनी पाहिलं नाही. तेवढी एक ओळ घालावी म्हणून मी कळफलकावर बोटं ठेवली, पण अण्णांच्या फाँटात ‘छ’ कुठे आहे तेच सापडेना.

घरातल्या भिंतीवर साडेदहा वाजले होते. पडद्याच्या कोपऱ्यात पाच. लिनक्स नव्यानं बसवल्यामुळे घड्याळ पुन्हा ग्रिनिचला गेलं होतं.

‘‘बाबा, एका आज्ञेचं काम आहे. नीट करून देऊ?’’ कन्येनं मागून विचारलं.

‘‘नको,’’ म्हटलं, ‘‘ही त्यांची लिहायची वेळ आहे.’’ आणि ‘छ’ शोधू लागलो. एका बोटानं.