पोलादाच्या गावातून, कार्बनच्या चाकाविषयी

भिलाई, मंगळवार

चि. बाळा,

गोंदिया मागे पडलं, दरेकशाचा बोगदा गेला आणि आपला मुलूख संपला. डोंगरगडला डब्यातल्या बायकांनी बम्लेश्वरीच्या टेकडीकडे बघून हात जोडले. दुर्ग आणि भिलाई आता इतकी चिकटली आहेत की एक कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं ते कळतच नाही. मावशीचं क्वार्टर सेक्टरमध्ये आहे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, बैठी घरं. 1955 साली रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, त्यानंतर आखलेलं हे गाव. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रबाबूंच्या हस्ते पेटली.

निघताना तू सायकलच्या त्या कार्बनच्या चाकांचे फोटो दाखवलेस आणि मत मागितलंस. ते डोक्यात होतंच. काकांची सगळी नोकरी कोक ओव्हनमध्ये गेली, म्हणून रात्री जेवताना विषय काढला. ते म्हणाले, "कार्बनसाठी इतक्या लांब कशाला जायचं? आम्ही आयुष्यभर तोच भाजला." दगडी कोळसा हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवायचा, त्यातले वायू आणि डांबर निघून जाऊ द्यायचं, उरतो तो कोक. तुझ्या रिमचा धागाही साधारण याच वाटेने येतो. एका कृत्रिम धाग्याला आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर शेकतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजाराच्या पुढे नेतात. कोक भट्टीत जाऊन लोखंड गाळतो आणि त्यातला थोडा कार्बन लोखंडात उतरतो. इथे 130 मीटरचा एकसंध रूळ लाटतात, त्याच्या पोलादात शंभरात जेमतेम पाऊण भाग कार्बन असतो. रुळाचा कणखरपणा त्या पाऊण भागावर उभा आहे. तुझ्या रिममध्ये मात्र सगळी मदार धाग्यावर. धाग्यांमधल्या राळेचं काम त्याला धरून ठेवायचं.

मावशी आठवण काढते आहे.

तुझा बाबा


दल्ली राजहरा, शुक्रवार

चि. बाळा,

दुर्गहून रेल्वेने इथे आलो. भिलाईला लोहखनिज या डोंगरांतून जात आलं आहे. पाय ठेवावा तिथे लाल धूळ, चपलेचा रंगही ओळखू येत नाही.

खनिजाचा एक दगड हातात घेऊन पाहिला. आकाराच्या मानाने भलताच जड आणि कडा धारदार. आपल्या ब्रह्मगिरीच्या वाटेवरचा काळा फत्तर काही याहून मवाळ नाही. उतारावर तुझ्या सायकलचा टायर दबला आणि अशी कड थेट रिमच्या ओठावर बसली, तर पुढे काय होतं यावर सगळी निवड ठरते. अॅल्युमिनियमला पोचा पडतो. तो डोळ्यांना दिसतो, पान्याने थोडाफार सरळ करून घरापर्यंत येता येतं. कार्बन वाकत नाही. पुष्कळ मार सहन करतो आणि एके दिवशी तडकतो. त्यातही वाईट म्हणजे कधी आतले थर सुटतात आणि वरून काही दिसत नाही. ट्यूबलेस टायर रिमच्या कडेने हवा सोडू लागला की संशय घ्यायचा.

हलकेपणाचा हिशोबही कर. ट्रेलसाठीची अॅल्युमिनियमची रिम पाचशे-साडेपाचशे ग्रॅमची, कार्बनची साडेचारशेच्या आसपास. दोन्ही मिळून वाचले शंभर-दोनशे ग्रॅम. तू, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ऐंशी किलो. रिमचं वजन फिरतं, म्हणून वेग घेताना ते दुप्पट मोजावं लागतं हे खरं. पण संथ चढावर तीही सवलत नाही. तरी कार्बनचं चाक वळणावर कमी लचकतं, सांगितलेल्या रेषेत जातं आणि लवकर आउट होऊन डुलत नाही. पैसे द्यायचे तर यासाठी द्यावेत, काट्यावरच्या आकड्यासाठी नाही.

बाबा


भिलाई, रविवार

चि. बाळा,

काल पॉवर हाउसच्या बाजारात एका सायकल दुकानात तासभर बसलो. (मावशी भाजी घेत होती, मला सुटका मिळाली.) दुकानात काळ्या, जाड पोलादी रिमच्या सायकली. पाठीमागे पोतं नाहीतर दुधाचे कॅन. मिस्त्री चाक उलटं टांगून, फोर्कला अंगठा टेकवून आउट काढत होता. एका बाजूच्या स्पोकचं निपल पाव फेरा घट्ट, दुसऱ्या बाजूचं थोडं सैल. त्याला तुझ्या चाकाचा फोटो दाखवला. त्याने किंमत विचारली नाही. "स्पोक कुठे मिळेल?" एवढंच विचारलं. इतक्या दिवसांत ऐकलेला सगळ्यात चांगला प्रश्न त्याचा.

तेव्हा घेशीलच तर असं बघ. डोकं वाकवलेले साधे स्पोक, चाकाला 28. कंपनीचे खास स्पोक नकोत, एक तुटला तर महिनाभर सायकल भिंतीला. रिम आतून तीस मिलिमीटर रुंद, ओठ जाड. शर्यतीसाठीची साडेतीनशे ग्रॅमची रिम तुझ्या वाटांसाठी नाहीच. हब बूस्ट मापाचं आहे आणि फ्रीहब तुझ्या कॅसेटला बसतं, हे आधी तपास. धडक लागून रिम फुटली तर बदलून देण्याची हमी आहे का आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा, हे लेखी घे. अशी हमी नसेल तर ते चाक स्वस्तातलं असलं तरी महाग समज.

त्याच्याही आधी चांगले टायर घे, मागच्या टायरमध्ये फोमचा इन्सर्ट टाक आणि निघण्यापूर्वी गेजवर हवा बघत जा. नेहमीच्या अंगठ्याच्या अंदाजावर रिमा फुटतात. माझं मत विचारशील तर पुढचं चाक कार्बनचं कर. मागच्यावर वजन आणि मार दोन्ही जास्त, ते अॅल्युमिनियमचंच राहू दे. निम्मे पैसे मी देतो, तेही पुढच्याच चाकाचे.

तुझा बाबा