मुलाखतीसाठी घर आवरताना

२०२० च्या टाळेबंदीत मुलाखती स्क्रीनवर आल्या आणि बऱ्याच कंपन्यांची पहिली फेरी अजून तिथेच होते. एसटीचं भाडं वाचलं, पुण्यात कुणाच्या तरी खोलीवर पथारी टाकायची वेळ टळली, हे चांगलंच झालं. पण पूर्वी मुलाखतीला एकटा उमेदवार जायचा. आता सगळ्या घरालाच तयारी करावी लागते.

सोलापूरच्या पूर्वभागात माझ्या बहिणीचं दोन खोल्यांचं घर आहे. भाचीची मुलाखत होती तेव्हा मी तिथे होते. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो, म्हणून टेबल फिरवून खिडकीसमोर घेतलं. लॅपटॉप खाली राहिला की नाकपुड्याच आधी दिसतात. त्याखाली तांदळाचा डबा सरकवला. दोरीवरचे कपडे उतरवले. गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड थांबवणं आमच्या हातात नव्हतं, तेव्हा माइकचा हेडफोन शेजारून मागून आणला. वीज गेली तर वायफाय जाणार, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिला. "कुकर मी नंतर लावते गं," बहीण म्हणाली.

सगळ्यात अवघड नजर. समोरच्याचा चेहरा स्क्रीनवर आणि कॅमेरा त्याच्या वर. चेहऱ्याकडे पाहून बोललं, तर पलीकडे वाटतं ही नजर चुकवतेय. कॅमेऱ्याकडे पाहिलं, तर ऐकणारा मान डोलावतोय की कंटाळलाय, ते कळत नाही. "मावशी, मी बोलतेय कुणाशी तेच समजत नाही," ती रडवेली झाली. मी म्हटलं, प्रश्न ऐकताना खुशाल चेहऱ्याकडे बघ, उत्तर देताना वर. मग तिनेच समोरच्याची चौकट लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणली आणि स्वतःचं चित्र लपवून टाकलं. त्यानंतर तिचा आवाज मोकळा झाला.

काही मुलाखतींत पलीकडे माणूसच नसतो. प्रश्न पडद्यावर उमटतो, उत्तर रेकॉर्ड होतं. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू कंपनीने अशा चित्रफितींतले चेहऱ्याचे हावभाव यंत्राकडून जोखणं थांबवल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. योग्यच केलं. अवघडलेल्या चेहऱ्यावरून कामातली हुशारी कशी कळणार?

मुलाखत घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मागच्या भिंतीवरून आणि कुकरच्या शिट्टीवरून कुणाला जोखू नका. आणि प्रश्न विचारण्याआधी एवढं जरूर सांगा, की मध्येच लाइन तुटली तर काळजी करू नका, आम्ही पुन्हा फोन करू.