घट, सर आणि बेरीज

बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ सालच्या एका पत्रात विजेच्या संदर्भात 'बॅटरी' हा शब्द योजिला. त्याआधी तो तोफांच्या ताफ्याचा शब्द होता. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्या ताफ्यातल्या एकेकाला 'घट' म्हटले आणि एकापुढे एक जोडण्याला 'एकसर जोडणी'. घट म्हणजे मडके आणि घट म्हणजे उणे होणेही. परिभाषाकारांच्या मनात हा श्लेष नसावा. आम्हांला मात्र तो नेमका वाटतो.

एकसर जोडणीत व्होल्टांची बेरीज होते, क्षमतेची होत नाही. लिथियम-आयनचा घट ४.२ व्होल्टला भरतो, चारांचे १६.८. साधा चार्जर एवढी बेरीजच पाहतो. तीन घट ४.१५ वर आणि एक ४.३५ वर असला तरी बेरीज तीच, आणि चार्जर समाधानी! तो चौथा मात्र आतून नासत असतो. हा चौथा बहुधा सर्वांत कमी क्षमतेचा. लवकर भरतो म्हणून अति भरला जातो, लवकर रिता होतो म्हणून अति उपसला जातो. समीक्षेत आपण कमजोर कडीची उपमा सहज वापरतो. पण कडी एकदाच तुटते, या घटाला दोन्ही टोकांना मार आहे.

जुन्या शिसे-आम्ल बॅटरीत थोडे जास्त चार्जिंग केले, तर भरलेले घट पाण्याचे वायू करून जादा वीज जिरवीत आणि मागे राहिलेले त्यांना गाठीत. लिथियमपाशी ही सहनशीलता नाही. म्हणून प्रत्येक घटाला स्वतंत्र तार जोडून लक्ष ठेवणारे 'बीएमएस' लागते. त्याच्या कामाला 'संतुलन' म्हणतात, पण नेहमीच्या स्वस्त प्रकारात रित्याला काहीच मिळत नाही. भरलेल्याकडची जादा वीज रोधातून उष्णता करून घालवली जाते. देवाणघेवाण घडविणारी मंडले असतात, ती महाग.

आमच्या वाचनाच्या दिव्याला असा चार घटांचा संच आहे. भरल्यावर मल्टिमीटर चौघांनाही ४.१९ दाखवतो. रात्री मात्र तिसरा ३.० वर येऊन दिवा बंद पाडतो, तेव्हा बाकीचे ३.४ च्या आसपास असतात. तो एकटा बदलला तर उणेपणा उरलेल्या तिघांकडे जाईल, म्हणून जाणकार चारही बदलायला सांगतात. त्या तिघांना टाकून देणे आम्हां दोघांच्याही जिवावर येते. तूर्त वाचन अर्धा तास आधी आटोपते.